हातचा

सकाळी सहा पस्तीसची पहिली फेरी.
बेलमाँटहून गुचर दहा मिनिटं, गुचरहून बेलमाँट दहा मिनिटं.
दोर टाक, रॅम्प खाली, गाड्या मोज, रॅम्प वर.
अधिक एक, उणे एक, अधिक एक, उणे एक.
पुस्तक म्हणतं, अशी क्रमिका कुठेच पोचत नाही.
एकोणीस वर्षं मी हेच करतोय,
पुस्तकाने नवीन काही सांगितलं नाही.

पिवळ्या रेनकोटच्या आतल्या खिशात
प्लास्टिकच्या पिशवीत पंधरा कार्डं,
एका कार्डावर एक व्याख्या.
'प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा असा असतो की'
की वरून अर्लंड ओरडतो,
लॉरी, तो मेंढ्यांचा ट्रक मागे घे आधी!

विद्यापीठ मी पाहिलेलं नाही. ते पाकिटातून येतं,
आणि महिन्यातून दोनदा फोनवर, मिसेस टेनंटच्या आवाजात.
उत्तर बरोबर आणतोस तू, ती म्हणाली,
पण कुठून आणलंस ते सांगत नाहीस.
मी म्हटलं, आमच्याकडे मासे कुठून आणले
हे कुणी सांगत नसतं, बाई.
ती खूप हसली.
मार्क मात्र कापले ते कापलेच.

सोळाव्या वर्षी शाळा सोडली.
बापाचा खांदा निखळला होता आणि होडी थांबणार नव्हती.
हातचा एक बोटावर धरून ठेवायला सांगतात ना,
तसा धरला मी,
आणि पुढचा रकाना मांडायचाच राहून गेला.
चौतीस वर्षं एक बोट तसंच उघडं,
जाळी ओढताना, दोर बांधताना,
लग्नात अंगठी घालून घेतानासुद्धा.

जूनमध्ये इथे अंधार होत नाही.
होतो होतो म्हणतो.
अकरा, साडेअकरा, जवळ येतो, आणखी जवळ,
आणि न शिवताच मागे फिरतो.
सीमा म्हणजे काय ते मला खिडकीतून कळलं.
ऱ्होडाला सांगायला गेलो तर तिने
पडद्यावर घोंगडी टाकली
आणि म्हणाली, सीमा-बिमा उद्या. झोप.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये रंगीत तालीम.
बेटावर उमेदवार एकच,
म्हणून पर्यवेक्षकही एकच, पोस्टातली बाबी.
मयताला घालायचा कोट घालून आलेली.
तीस रिकाम्या खुर्च्यांसमोर उभं राहून तिने वाचलं,
'उमेदवारांनी आपसात बोलू नये.'
मी मान हलवली.
'शेजारच्याच्या उत्तरपत्रिकेत डोकावू नये.'
शेजारी बॅडमिंटनचं जाळं गुंडाळून ठेवलेलं.
मग चष्मा काढून तिने हळूच विचारलं,
सुया वाजल्या तर चालेल का रे?

तीन तास.
चौथ्या प्रश्नाला मी 'समजा' असं लिहिलं
आणि तिथेच बसून राहिलो.
काय समजा? कोण समजा?
समोर बाबीचा कुठेतरी मागे एक टाका सुटला होता.
तिने तोंडातून आवाजही न काढता
चार ओळी सरळ उसवल्या, लोकर गुडघ्यावर गोळा झाली,
आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली.
मला तेवढं धाडस नव्हतं.
शिवाय वेळ संपली होती.

परीक्षा मंगळवारी. आज सोमवार, वारा नैऋत्येचा.
अकरावं कार्ड भिजलंय, शाई पसरलीय,
'असतो की' एवढंच उरलं.
अर्लंड रेडिओवरून म्हणतो,
ते तुझं एप्सिलॉन काय ते सांग बघू पुन्हा.

मी सांगतो, धक्क्याच्या किती जवळ हवंय ते तू बोल.
हातभर? बोटभर? केसाएवढं?
तू म्हणशील तेवढं.
मग कुठून वेग मारायचा ते मी सांगणार.
दर वेळी. तू कितीही कमी माग.

बराच वेळ नुसतं इंजिन.
अरे, हे तर आपण रोजच करतो.

हो, पण सिद्ध करावं लागतं.

कुणाला?

रॅम्प खाली गेला.
गाड्या मोजल्या. सात.
नाही, आठ.